वर्गात इंटरनेट सुरक्षा शिकवायला घेताना: नव्या शिक्षकांसाठी

सातवी ते नववीच्या मुलांना इंटरनेट जपून आणि जबाबदारीनं वापरायला शिकवा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं की हातात बहुधा एक पत्रक आणि वेळापत्रकातला एक मोकळा तास एवढंच पडतं. एका तासात हे होत नाही. पाच-सहा तास लागतात. ते सलग नकोत, आठवड्याला एक पुरे. संगणक कक्ष बंद असेल, नेट येत नसेल, तरी अडत नाही. खालचं बहुतेक सगळं फळ्यावर आणि वहीत होतं.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधीच सांगते. मूल फसतं ते माहिती नसल्यामुळे, पण अडकून राहतं ते घरी बोलायची सोय नसल्यामुळे. सांगितलं की आधी मोबाइल काढून घेतला जाणार, मग बोलणी किंवा मार, आणि मुलगी असेल तर कधीकधी शाळाच बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. फसवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ‘तुझ्या घरी सांगेन’ ही त्याची सगळ्यात मोठी धमकी याच भीतीवर चालते. म्हणून किती धोके पाठ झाले यावर तुमचे तास मोजू नका. काही घडलं तर मूल त्याच दिवशी कुणा मोठ्या माणसाला सांगायला येतं का, हे बघा.

तास घेण्याआधी आपला मोबाइल उघडा

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मागे सरकवा. तिथे काय दिसतं? सरल आणि यू-डायस या विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींसाठी पालकांनी ग्रुपवरच टाकलेले आधार कार्डाचे फोटो, बँक पासबुकाचं पहिलं पान, जातीचे दाखले. शंभर-दीडशे अनोळखी फोनमध्ये ते आपोआप उतरलेले असतात. ‘आपली माहिती कुणाला देऊ नका’ असं वर्गात सांगायचं आणि त्याच संध्याकाळी ‘आधारचा फोटो ग्रुपवर टाका’ असा निरोप पाठवायचा, हे मुलांच्या लक्षात येतं. कागद शाळेत बघून घ्या. फारच निकड असेल तर एकट्या वर्गशिक्षकाच्या नंबरवर मागवा आणि काम झालं की पुसून टाका.

तेच फोटोंचं. गणवेश वाटप, बक्षीस समारंभ, सहल यांचे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर टाकताना मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव एकत्र लिहू नका. गणवेशावरून शाळा कळते आणि ओळखपत्रावरून उरलेलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. कायद्याचं राहू द्या, पण एखाद्या मुलीनं ‘बाई, माझा फोटो नको’ म्हटलं तर तो त्याच दिवशी काढा. तुम्ही तिचा नकार मानलात, हाच तिच्यासाठी संमतीचा पहिला धडा होतो.

मग वर्गाची खरी स्थिती समजून घ्या. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. चारच प्रश्न विचारा. घरी तू कुणाचा फोन वापरतोस? त्यावर सगळ्यात जास्त काय बघतोस? अनोळखी माणसानं कधी मेसेज केला होता का? त्रास झाला तर तू कुणाला सांगशील? ग्रामीण शाळेत बहुतेकांच्या चिठ्ठीत बाबांचा किंवा मोठ्या भावाचा फोन निघतो. त्याच फोनवर बाबांचं यूपीआय असतं, आईच्या बचत गटाचे मेसेज असतात, आणि इन्स्टाग्रामचं खातं मुलानं जन्मसाल चुकीचं टाकून उघडलेलं असतं, कारण तेराच्या आत ते उघडता येत नाही. शहरातल्या, स्वतःच्या खोलीत स्वतःचा फोन असलेल्या मुलासाठी लिहिलेली पत्रकं इथे निम्मी उपयोगी पडतात. चौथ्या प्रश्नाची उत्तरं मात्र नीट वाचा. ‘कुणालाच नाही’ हे किती वेळा आलंय ते बघितलं की पहिला तास कशावर घ्यायचा ते वेगळं ठरवावं लागत नाही.

पहिला तास: सांगायचं कुणाला

या तासात धोक्यांची यादी नको. मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर तीन मोठ्या माणसांची नावं लिहायला लावा. त्यातलं एक घरातलं, एक शाळेतलं, एक नात्यातलं किंवा शेजारचं. आत्या, मावशी, मोठी ताई, कुणीही चालेल, फक्त ऐकून घेणारं हवं. त्याच पानावर दोन नंबर येऊ द्या: १०९८, हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर, आणि १९३०, ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर लावायचा. केंद्रीय गृह मंत्रालयाचं तक्रारीचं संकेतस्थळही लिहा: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. फळ्यावर ते इंग्रजी अक्षरांत लिहून द्या.

मग मुलांना एक शब्द द्या, पण तो विचारपूर्वक द्या. ‘मी रागावणार नाही आणि तुझा दोष काढणार नाही’ एवढं नक्की म्हणा. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं कधीही म्हणू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. गुपिताचं वचन दिलंत तर एक दिवस तुम्हाला कायदा तरी मोडावा लागेल किंवा त्या मुलाचा विश्वास तरी. त्यापेक्षा आधीच सांगा: ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.’ मुलांना हे कळतं. खरं बोलणारा माणूस त्यांना लगेच ओळखू येतो.

पत्ता वाचणं

माझ्या मते सगळ्यात कमी वेळात सगळ्यात जास्त उपयोग होणारा हा तास आहे. खोटी लिंक ओळखायला ‘शुद्धलेखनाच्या चुका बघा’ असं अजून शिकवलं जातं. आता फसवे मेसेज शुद्ध मराठीत येतात, त्यामुळे ती खूण गेली. पत्त्यावरचं कुलूपही पुरेसं नाही. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर कुणी वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर कुलूप त्याच्याही पानावर असतं.

फळ्यावर मोठ्या अक्षरात महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळाचा, खरा पत्ता इंग्रजीत लिहा: महाडीबीटी, डॉट, महाराष्ट्र, डॉट, गव्ह, डॉट, इन. पुढे तिरकी रेघ आणि आणखी काहीबाही. मुलांना सांगा, ‘एचटीटीपीएस’च्या दोन तिरक्या रेघा सोडून पहिली एकटी तिरकी रेघ शोधा, तिथे बोट ठेवा आणि तिथून डावीकडे वाचा. बोटाच्या लगेच डावीकडे जे आहे तो खरा मालक. इथे ‘गव्ह डॉट इन’ निघालं. ते फक्त सरकारी खात्यांना मिळतं. ‘एनआयसी डॉट इन’ तेही सरकारीच. आता त्याच्या खाली दुसरा पत्ता लिहा, ज्यात महाडीबीटी, गव्ह, इन हे तिन्ही शब्द आडव्या छोट्या रेघांनी जोडून सुरुवातीला आहेत आणि शेवटी डॉट एक्सवायझेड आहे. अर्धा वर्ग याला सरकारी म्हणतो, कारण आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचा शब्द दिसला की थांबतो. पुन्हा बोट ठेवायला लावा. असे आठ-दहा पत्ते झाले की मुलं तुमच्या आधी उत्तर देतात.

मोबाइलवर लिंक उघडण्याआधी ती दाबून धरली तर पूर्ण पत्ता दिसतो, हेही दाखवा. शिष्यवृत्ती, निकाल, मोफत रिचार्ज आणि फ्री फायर गेमचे फुकट डायमंड, मुलांपर्यंत येणारी आमिषं बहुतेक या चारांतली असतात.

पैशाबद्दल लांबण लावू नका. तीन वाक्यं घोकून घ्या, म्हणजे मुलं ती घरी जाऊन आजीला सांगतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. ओटीपी बँकवाल्यालाही सांगायचा नाही. कुणी फोनवर एखादं ॲप टाकायला सांगून स्क्रीन दाखवायला लावत असेल तर फोन ठेवायचा. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० लावायचा, कारण चोरट्यानं पुढच्या खात्यात वळते करण्याआधी ते बँकेत अडवता येतात. व्यवहाराचा नंबर, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी. उद्या सकाळी बँकेत जाऊन बघू, असं म्हणण्यात पैसे हातचे जातात.

पासवर्डही इथेच उरकता येतो. मुलं स्वतःचं नाव आणि जन्मसाल टाकतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगा, म्हणजे जांभूळ, शनिवार, कढई, बोगदा असं काहीतरी. लक्षात राहतं आणि ओळखता येत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन असतो, तो घरच्या फोनवर लावणं हा गृहपाठ.

पुढे पाठवण्याआधी

या विषयाला पूर्ण तास द्या आणि उदाहरण आपल्याच राज्यातलं घ्या. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारे फिरत आहेत असे मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे पसरले होते. ज्यांनी ते पुढे पाठवले त्यांतल्या बहुतेकांना आपण गावाचं भलं करतोय असंच वाटत होतं.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. तो मूळचा कराचीचा. तिथल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी केलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेश लिहिलेला फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि उरलेला तुकडा भारतात फिरला. वर्गात हे सांगताना फळ्यावर चार चौकटी काढा: मूल खेळतंय, गाडी येते, मूल उचललं, मूल परत आणलं. चौथी चौकट हातानं झाका आणि विचारा, आता ही गोष्ट कशाची झाली? पहिल्या तीन चौकटींतली एकही खोटी नाही, फक्त शेवटची दाखवलेली नाही. अर्धवट खरं किती घातक असतं हे याहून स्पष्ट मला दाखवता आलेलं नाही.

हा तास घेताना मारहाणीचे व्हिडिओ दाखवू नका, वर्णनही नको. आणि वर्गात भटक्या-विमुक्त समाजाची मुलं असतील तर आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलून घ्या. त्यांच्या घरात ही बातमी वेगळ्या पद्धतीनं ऐकली गेलेली असते.

राईनपाड्याच्या त्याच महिन्यात, जुलै २०१८ मध्ये, व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० पासून, आधीच खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते. ती मुलांना ओळखायला शिकवा. दोन बाण म्हणजे पाठवणाऱ्या मामानं हा लिहिलेला नाही, त्यालाही तो कुठून आला हे माहीत नाही.

तपासायची रीत सोपी ठेवा. हे कधीचं आहे, कुठलं आहे, आणि ज्याचं नाव घेतलंय त्यानं स्वतः कुठे म्हटलंय का? फोटो गूगल लेन्समध्ये टाकून आधी कुठे आला होता ते बघता येतं. उत्तर मिळालं नाही तर पुढे पाठवायचं नाही. आता चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात, म्हणून ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ हा पुरावा राहिलेला नाही. बाबांच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर फोन ठेवून बाबांच्या ओळखीच्या नंबरवर आपण लावायचा.

वर्गातल्या वर्गात होणारा त्रास

अनोळखी माणसाबद्दल सगळे बोलतात. प्रत्यक्षात वर्गशिक्षकाकडे जी भांडणं येतात ती बाकाशेजारच्या मुलांची असतात, आणि त्यातली बरीच स्टिकरवरून. डबा खाताना, जांभई देताना, पडताना काढलेला फोटो कापून स्टिकर करतात आणि ग्रुपवर तो महिनोन्महिने फिरतो. करणाऱ्याला ती गंमत वाटते. ज्याचा चेहरा आहे तो हसतो, कारण न हसलं तर आणखी स्टिकर होतात.

इथे कायद्याची भीती आधी घालू नका. वर्गाला स्वतःचे नियम लिहू द्या. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. स्टिकर ज्याचा आहे त्यानं ‘काढ’ म्हटलं की लगेच काढायचा, कारण विचारायचं नाही. कुणाला ग्रुपमधून वगळून त्याच्याबद्दल दुसरा ग्रुप काढायचा नाही. मुलांनी लिहिलेले नियम मुलं पाळतात, निदान मोडल्यावर मान खाली घालतात. हाच जबाबदारीचा भाग आहे, आणि तो बहुतेक पत्रकांत एका ओळीत संपवलेला असतो.

बघणाऱ्यांशीही बोला. ग्रुपमध्ये चाळीस जण असतात, त्रास देणारे दोघं. उरलेल्यांपैकी एकानं खासगीत ‘मला हे आवडलं नाही, तू ठीक आहेस ना?’ असा मेसेज केला तरी त्या मुलाची रात्र बदलते.

फोटो मागणारा अनोळखी

हा तास मुलामुलींचा एकत्र घ्या. हे फक्त मुलींचं आहे असं वाटलं की मुलगे कधीच बोलत नाहीत, आणि धमक्या मुलग्यांनाही येतात. ओळख गेममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर होते. समोरचा स्वतःचं वय मुलांएवढंच सांगतो, खूप ऐकून घेतो, मग ‘व्हॉट्सॲपवर ये’ म्हणतो, मग ‘हे आपल्यातच राहू दे’. या शेवटच्या वाक्याला मुलांनी थांबायचं. कुणी मोठ्यांपासून लपवायला सांगितलं की तिथेच सांगायची वेळ झाली.

फोटो गेलाच असेल आणि धमकी आली असेल तर मुलांना हा क्रम ठाऊक हवा. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो द्यायचे नाहीत. एकदा दिलं की मागणी वाढते. गप्पा पुसायच्या नाहीत, समोरच्याचं खात्याचं नाव, नंबर, धमकीचे मेसेज हे जपायचं. मग ब्लॉक करायचं. मग वहीतल्या तिघांपैकी एकाला गाठायचं.

आता तुमच्यासाठी. मूल तुमच्याकडे आलं तर तो फोटो बघायला मागू नका. स्वतःच्या फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांनाही पुरावा म्हणून पाठवू नका. बालकाचं असं चित्र जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. फोन जसा आहे तसा पालक आणि पोलिसांपर्यंत जाऊ द्या. मुलानं काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, कागदावर लिहा. शाळेची बालसंरक्षण समिती किंवा सखी सावित्री समिती असेल तर तिला सांगा, पण समितीच्या बैठकीसाठी पोलिसांना कळवायचं थांबवू नका. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवाही आहे. तिथे फोटो न पाठवता त्याची डिजिटल खूण फोनवरच तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो आपल्या व्यासपीठांवर शोधून काढू शकतात. आणि ‘तू पाठवलासच कशाला?’ हा प्रश्न तोंडातून येऊ देऊ नका. तो प्रश्न मूल आठवडाभर स्वतःला विचारत असतं.

पालक सभा

पालकांना बोलवाल ती वेळ बघून. शेतीची कामं, शिफ्ट, आठवडी बाजार सांभाळून संध्याकाळी घ्या, आणि आयांना आवर्जून बोलवा. पालकांना धोके सांगून घाबरवलं की ते घरी जाऊन फोन हिसकावतात, आणि तुमच्या पहिल्या तासावर पाणी फिरतं. त्यांच्याकडून एकच कबुली घ्या: मुलानं आपणहून सांगितलं तर त्या दिवशी फोन काढून घेणार नाही.

मग त्यांचे फोन हातात घेऊनच काम करून घ्या. व्हॉट्सॲपचा पिन, यूपीआयला वेगळं कुलूप, प्ले स्टोअरवर खरेदीसाठी पासवर्ड. लहान मुलाचा वेगळा फोन असेल तर गूगल फॅमिली लिंक. मुलाच्या खात्याचं जन्मसाल खोटं असेल तर ते दुरुस्त करायला सांगा. इन्स्टाग्राम किशोरवयीन खात्यांना आपोआप खासगी ठेवतं, अनोळखींचे मेसेज अडवतं. खोट्या जन्मसालामुळे मूल नेमकं हेच संरक्षण गमावून बसतं. रात्री फोन चार्जिंगला बैठकीच्या खोलीत, आणि हा नियम बाबांनाही लागू.

अभ्यासासाठी नेट वापरताना काय सांगायचं ते थोडक्यात. प्रकल्पाच्या शेवटी माहिती कुठून घेतली ते लिहायला लावा आणि त्याला गुण ठेवा. मराठी विकिपीडियावरचा मजकूर वापरता येतो, पण श्रेय देऊन. एआयकडून लिहून आणलेलं ओळखायच्या मागे लागू नका. त्यातल्या एका वाक्याचा अर्थ तोंडी विचारा, काय ते कळतं.

सगळे तास झाले की तीन महिन्यांनी पहिली चिठ्ठी पुन्हा द्या, तेच चार प्रश्न घालून. चौथ्याची उत्तरं जुन्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून बघा. जूनमध्ये नवी सातवी आली की पत्त्यांची उदाहरणं बदला, कारण आमिषं दरवर्षी बदलतात.